उतरवून ठेवलेला राग

दुपारची जेवणं आटोपली की घाईताई कामाला लागायची. टेबल पुसायचं, लॅपटॉपखाली दोन जाडजूड पुस्तकं सरकवायची, कारण कॅमेरा खाली राहिला तर समोरच्याला आपल्या नाकपुड्याच दिसत राहतात. मग पडदा अर्धा ओढायचा, मोबाइलचा आवाज बंद करायचा आणि कानांवर हेडफोन चढवून लोकांची दुःखं ऐकायला बसायचं. रोजचंच होतं ते.

घाईताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. मानसशास्त्र शिकत असताना वर्गातल्या मैत्रिणींनी ते ठेवलं. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचा उपाय तयार असायचा. पुढे पदवी मिळाली, नावाखाली समुपदेशक अशी ओळ आली, पण नाव काही सुटलं नाही. 'अति घाई संकटात नेई' ही पाटी तिनं आयुष्यात शेकडो वेळा वाचली असेल, पण ती गाडीवाल्यांसाठी असते अशी तिची प्रामाणिक समजूत होती. मनानं मात्र लाख माणूस. कुणाचं बरं झालेलं दिसलं, की स्वतःचंच लग्न ठरल्यासारखी घरभर नाचायची.

आता तुम्हाला वाटेल, हिच्याकडे येणारी माणसं म्हणजे कपडे फाडणारी, भिंतीशी बोलणारी असतील. तसलं काही नाही. साहेब चारचौघांत बोलला म्हणून झोप उडालेला कारकून, वयात आलेला मुलगा तोंड उघडत नाही म्हणून कुढणारी आई, लग्न मोडल्यापासून आरशात न बघणारी मुलगी. तुमच्याआमच्या घरातलीच सगळी. घरबसल्या दार लावून बोलता येतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता लागत नाही, म्हणून ती पडद्यावर यायची.

त्यातलीच एक केकवाली.

ती घरीच केक करायची. पहिल्या भेटीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत ती हसत होती. गालाला पीठ लागलेलं, मागे स्वयंपाकघरात ओव्हनचा दिवा पिवळा पेटलेला, आणि तोंडावर हसू.

"मला राग येत नाही, मॅडम," ती म्हणाली. "म्हणजे येतो. पण वर येईपर्यंत मला हसू येतं. मग तो परत खाली जातो आणि डोकं दुखायला लागतं."

गिऱ्हाईक दारात उभं राहून केकवरचं नाव बदलायला लावायचं, ही हसायची. शेजारीण मिक्सर नेऊन भांडं फोडून परत आणायची, ही हसायची. हे सगळं एकवेळ चाललं असतं. पण खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते बाहेर यायला दुसरी भेट उजाडली.

केकवालीला एक मुलगी होती. नुकती शाळेत जाऊ लागलेली. केकचा चुरा गालात भरून घरभर फिरायची म्हणून तिला सगळे खारू म्हणत. केकवालीच्या नणंदेला मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या गावी मोठं घर, पुढे बाग, मागे झोपाळा, आणि त्या झोपाळ्यावर बसायला कुणी नाही. तिनं खारूला मागितलं होतं. थोडे दिवस म्हणत होती, पण खोली रंगवून झाली होती आणि शाळेत नावही सांगून ठेवलं होतं.

"वन्सं म्हणतात, तुझा दिवस ओव्हनपुढे जातो, पोरीकडे बघतं कोण? आणि आमचे हे ताईपुढे ब्र काढत नाहीत. लहानपणी तिनंच वाढवलंय त्यांना. मी आपली 'बघू' म्हणते. पण किती दिवस बघू म्हणणार? शाळा सुरू व्हायच्या आत न्यायला येणार आहेत त्या." हे सांगतानाही ती हसतच होती. मग म्हणाली, "मॅडम, मला जास्त काही नको. एक शब्द बोलायला शिकवा. नाही म्हणायला शिकवा."

ते ऐकून घाईताईचे हात लगेच शिवशिवायला लागले.

पुढच्या भेटीसाठी तिनं रिकाम्या खुर्चीचा प्रयोग ठरवला. समुपदेशनातला जुना आणि जाणता प्रयोग आहे तो. समोर एक रिकामी खुर्ची ठेवायची. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय, तो माणूस तिथे बसलाय असं समजून बोलायचं. मग आपण उठून त्या खुर्चीत बसायचं आणि त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं. घाईताईनं त्या खुर्चीत गेलेले वडील बसवले होते, सोडून गेलेले नवरे बसवले होते. या वेळी तिच्या मनात आलं की माणूस कशाला, केकवालीचा रागच बसवू. ही कल्पना तिला इतकी आवडली की सकाळपासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

ऑनलाइन म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. लॅपटॉप डावीकडे वळवा, नको, थोडा उजवीकडे, असं करत करत शेवटी दोन्ही खुर्च्या पडद्यात आल्या. जेवणाच्या टेबलाची उंच पाठीची लाकडी खुर्ची, तिच्यावर पिवळी उशी. समोर दुसऱ्या खुर्चीत केकवाली.

"डोळे मिटा. तुमचा राग पोटातून बाहेर काढा आणि समोर बसवा. घाई नाही," घाईताई म्हणाली. तिच्या तोंडून हे ऐकून तिच्या मैत्रिणी खो खो हसल्या असत्या. "बसला?"

"बसली," केकवाली डोळे उघडत म्हणाली.

"कशी दिसते?"

"माझ्यासारखीच. फक्त हसत नाही."

घाईताईच्या अंगावर शहारा आला, पण तो आनंदाचा. इतकं चटकन कुणाचं जमलं नव्हतं. "आता तुम्ही उठा. तिच्या जागी बसा आणि तिच्या तोंडून बोला."

केकवाली उठली, पिवळ्या उशीवर जाऊन बसली. पाठ ताठ झाली. चेहऱ्यावरचं हसू पुसल्यासारखं गेलं, आणि आवाज आला तो खालच्या पट्टीतला, कोरडा.

"माझी पोर कुणी हलवायची नाही."

टेबलावरचे चमचे किणकिणले. घाईताई टाळ्या वाजवायचीच बाकी राहिली होती. कित्येक वर्षं मूग गिळून बसलेली बाई बोलली होती. तिनं केकवालीला परत पहिल्या खुर्चीत बोलावलं आणि विचारलं, "कसं वाटतंय?"

"हलकं," केकवाली म्हणाली. तिच्या डोळ्यांत नवल होतं. "मॅडम, किती हलकं वाट..."

आणि चित्र थिजलं. पडदा काळा झाला.

आता इथेच सगळं घोडं अडलं. घाईताई ज्यांच्या हाताखाली शिकली, त्या मोठ्या मॅडमचा एक नियम होता. खुर्चीत जे बसवलं, ते उठायच्या आधी परत अंगावर घ्यायला लावायचं. माणसाला पुन्हा त्या खुर्चीत बसवायचं, हात छातीशी धरायला लावायचे, 'ही माझीच आहे' असं म्हणवून घ्यायचं, आणि मगच उठवायचं. तसंच टाकून कुणाला जाऊ द्यायचं नाही. का, हे त्या कधी सांगत नसत. घाईताईनं दोनचारदा फोन लावला, लागला नाही. मग केकवालीचाच निरोप आला, 'लाइट गेले होते मॅडम. पण जादू झाली. डोकं दुखायचं थांबलं.' झालं. हुरळली मेंढी. राहिलेलं पुढच्या वेळी करू, असं म्हणून घाईताईनं लॅपटॉप मिटला आणि आनंदानं घरभर फिरली.

पुढच्या भेटीला केकवाली पडद्यावर आली ती टवटवीत होऊन. झोप लागते, भूक लागते, गिऱ्हाईकं खूश, नवरा खूश. घाईताईला तर तिला पडद्यातून ओढून मिठी मारावीशी वाटली.

"आणि राग?"

"येतच नाही. खरंच सांगते, आत शोधला तरी सापडत नाही."

"नणंदबाईंना काय सांगितलंत?"

"न्या म्हटलं की," केकवाली हसून म्हणाली. "मोठं घर आहे. झोपाळा आहे. आनंदात राहील."

हीच बाई एक शब्द शिकवा म्हणून हात जोडत होती. तिनं केकवालीच्या खांद्यामागे नजर टाकली. ती लाकडी खुर्ची टेबलाशी परत गेलेली नव्हती. मागच्या वेळी होती तिथेच, खोलीच्या मधोमध होती.

"ती खुर्ची उचलली नाहीत?"

"उचलायला गेले होते. जड लागली. यांनाही हलेना. म्हणाले, पाय फरशीला चिकटले असतील." तिनं खांदे उडवले. "आणि तिथे ना, करपल्याचा वास येतो हल्ली. ओव्हन थंड असला तरी."

खरं तर इथे कुणीही लॅपटॉप मिटला असता. घाईताईची मात्र उत्सुकता चाळवली. तिची बोटं टेबलावर नाचायला लागली. तिनं हेडफोनचा आवाज वाढवला आणि कान दिले. दूर कुठेतरी नळ गळत होता. केकवालीचा श्वास येत होता, हलका, भरभर. आणि त्याच्या खाली आणखी एक श्वास होता. संथ. दात आवळून घेतल्यासारखा.

"एक करा," घाईताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "तुमचा श्वास जरा रोखून धरा."

केकवालीनं लहान मुलासारखे गाल फुगवले आणि डोळे मिचकावत बसून राहिली.

दुसरा श्वास चालूच राहिला.

पिवळ्या उशीला मधोमध खळगा पडला होता, आणि त्या श्वासाबरोबर तो किंचित खाली जात होता, किंचित वर येत होता. घाईताईनं पुस्तकात हजार गोष्टी वाचल्या होत्या. यातली एकही नव्हती. पळून जावंसं वाटायच्या ऐवजी ती खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लावून बसली. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती तिला सोडवत नव्हती.

"उठा," ती कुजबुजली. "त्या खुर्चीत बसा. मागच्या वेळी राहिलं होतं ते करू."

केकवाली उठून खुर्चीपाशी गेली, आणि तिथेच घुटमळली.

"जागा नाहीये, मॅडम."

"म्हणजे?"

"ती बसलीय ना... सरकत नाही."

"तिला सांगा, तू माझीच आहेस."

केकवाली वाकली. ओठ हलले. मग ती सरळ झाली आणि कॅमेऱ्याकडे बघून ओशाळी हसली. "ती म्हणते... टाकलेलं परत घेत नाहीत."

घाईताईनं त्याच संध्याकाळी मोठ्या मॅडमना फोन केला. सगळं भडाभडा सांगितलं, मधे श्वासही न घेता.

"परत घ्यायला लावलं नव्हतंस," त्या म्हणाल्या.

"लाइन तुटली हो..."

"मग परत जोडायची होती. उद्या सकाळीच बसव तिला. गोड बोलून, पाया पडून, कशीही. आणि हे बघ, त्या पोरीला खोलीत एकटी सोडू नका म्हणावं."

"पोरीला का?"

"तो राग कुणासाठी आहे, घाई?"

"खारूसाठी."

"मग तेच," मोठ्या मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

सकाळी ऊन लख्ख पडलं होतं. बाहेर रस्त्यावर लोक कामाला निघाले होते. घाईताईनं ना टेबल पुसलं, ना पडदा ओढला. केकवालीनं मोबाइलवर व्हिडिओ कॉल घेतला तेव्हा मागे गडबड चालली होती. नणंद आदल्या संध्याकाळीच येऊन थडकली होती. दाराशी खारूची बॅग भरून ठेवलेली, तिच्यावर बाहुली. नवरा उगीचच बॅगेची चेन उघडत होता, लावत होता.

"मॅडम, नंतर बोलू का?" केकवाली हसत म्हणाली. "खारू निघालीय. वन्संनी छान न्हाऊ घातलंय तिला."

"नाही," घाईताई म्हणाली. "आत्ता. मला त्या खुर्चीकडे वळवा."

चित्र हललं. छत गेलं, खिडकी गेली, भिंत गेली. मग खुर्ची आली.

खुर्चीत खारू बसली होती. अंगात नवा फ्रॉक, ओले केस पाठीवर मोकळे, मुठीत लाल रिबीन, दुसऱ्या हातात बिस्किट. पाय हलवत मजेत खात होती.

"हल्ली तिथेच बसते," केकवालीचा आवाज आला. "ऊब लागते म्हणते."

घाईताईनं डोळे चोळले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. खारू आणि पिवळी उशी यांच्यामध्ये वीतभर मोकळी जागा होती. पाठ आणि खुर्चीची पाठ यांच्यामध्येही होती. तिथून मागच्या भिंतीचा रंग दिसत होता. पोर खुर्चीत बसलेली नव्हतीच. कुणाच्या तरी मांडीवर बसतात, तशी बसली होती.

"फोन तिथेच कशाला तरी टेकवा... आणि तिला उचला," घाईताई म्हणाली. "आधी तिला उचला..."

केकवालीनं फोन समोरच्या कपाटावर टेकवला, पण तिच्या आधी नणंद पुढे आली. दुष्ट वगैरे नव्हती ती. प्रवासाचे चांगले कपडे घातलेली, डोळ्यांत अगदी सणासारखा आनंद असलेली बाई होती. "चल ग माझी सोनुली, गाडी थांबलीय," म्हणत तिनं खारूच्या काखेत हात घातले आणि उचललं.

खारू हलली नाही.

"आडमुठी कुठली," नणंद हसली आणि तिनं जोर लावला. तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. खारूनं कशालाच धरलं नव्हतं. ती बिस्किट चावत होती.

"आत्या, ती नाही म्हणतेय," खारू म्हणाली.

"कोण ग?"

"आई."

नणंदेनं वळून केकवालीकडे बघितलं. केकवाली बाजूला उभी होती. हसत होती. तिचे ओठ मिटलेले होते.

आणि तेव्हा तो आवाज आला. कोरडा, खालच्या पट्टीतला. घाईताईला तो हेडफोनमधून आला तसा वाटलाच नाही, मानेमागून आल्यासारखा वाटला.

"माझी पोर कुणी हलवायची नाही."

नणंदेनं हात असे मागे घेतले, जणू तापलेल्या तव्याला लागले असावेत. ती दोन पावलं मागे सरली, नाकाला पदर लावला, करपल्याचा वास तिला आता लागला होता. मग ती दाराबाहेर गेली. "ताई... अगं ताई..." करत नवरा तिच्यामागे धावला. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला, आणि गाडी गेली.

घाईताई खुर्चीतून उठून उभी राहिली होती. तिच्या गालांवर पाणी होतं आणि ती हसतही होती. कसं का होईना, तो शब्द त्या घरात बोलला गेला होता. पोर आईपाशी राहिली होती. यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

"घ्या आता तिला," ती म्हणाली. "कडेवर घ्या तुमच्या लेकीला."

केकवाली पुढे आली. खुर्चीपुढे गुडघे टेकून बसली आणि तिनं दोन्ही हात पसरले. "ये ग पिल्ला. आईकडे ये."

खारूनं तिच्याकडे बघितलं. नीट, शहाण्या मुलीसारखं. ओळखीच्या पण परक्या बाईकडे मुलं बघतात, तसं.

"नको, काकू," ती म्हणाली. "मी आईजवळ बसलेय."

केकवाली तशीच हात पसरून राहिली. बऱ्याच वेळानं तिनं मान वळवली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि तोंडावर ते हसू अजून होतं. ते तिला पुसताच येत नव्हतं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "मला आता राग यायला हवा ना?"

घाईताईनं हात पुढे केला. बोटं पडद्याच्या काचेवर टेकली.

"येत नाहीये हो..." केकवाली म्हणाली.

तिच्या मागे, पडद्याच्या मधोमध, खारूच्या पाठीवरचे ओले केस हलले. खोलीत वारा नव्हता. केस सावकाश मागे ओढले गेले, त्यांचे तीन सारखे पेड पडले, आणि एकावर एक पडत वेणी वळली जाऊ लागली. घट्ट, निगुतीनं, वरून खाली. खारू मान किंचित मागे करून स्वस्थ बसली होती. वेणी टोकाशी आली तशी तिनं न बघताच हात मागे नेला आणि मुठीतली लाल रिबीन दिली.

रिबीन खाली पडली नाही.